रावणेश्वराच्या तळ्यात

कोल्हापुरात तळं बुजलं की त्याचं मैदान होतं. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, पेटाळा तळ्याचं पेटाळा मैदान झालं आणि रावणेश्वराच्या तळ्याचं झालं शाहू स्टेडियम. रावणेश्वराचं देऊळ अजून शेजारीच आहे. फायनलच्या दिवशी आत जाण्याआधी तिथं हात जोडणारे दोन्ही बाजूंचे असतात. देवाची पंचाईत होत असणार. पाणी जाऊन कैक वर्षं झाली, पण तळ्याचा एक गुण त्या जागेनं सोडलेला नाही. एका कडेला काही पडलं की तरंग पार दुसऱ्या कडेपर्यंत जातात. डी-मध्ये हँड झाला की नाही, यावर एका कोपऱ्यातून उठलेली आरोळी सबंध गॅलरीला वळसा घालून येते आणि मग स्टेडियमबाहेर पेठेत जाते. तिथं ती पुढचे आठ दिवस मुरते.

माझा मामा या तळ्याच्या काठी गेली पन्नासेक वर्षं बसतो आहे. सत्तरी ओलांडली, गुडघे बोलतात, तरी गॅलरीच्या पायऱ्या तो कुणाचा हात न धरता चढतो. त्याच्याकडे वह्या आहेत. शाळेच्या, रेघांच्या, वर तपकिरी कव्हर घातलेल्या. एका हंगामाला एक वही. तारीख, संघ, गोल कितव्या मिनिटाला, कुणी मारला आणि शेवटी एक अक्षर. जिंकलेल्यापुढे काही नाही. हरलेल्यापुढे लाल पेनानं ‘ब’, म्हणजे बाद. आपल्या तालमीच्या संघापुढे मात्र हा ‘ब’ कधीच नाही. तिथं तो ‘पु’ लिहितो. पु म्हणजे काय, असं मी दहा-अकरा वर्षांचा असताना विचारलं होतं. म्हणाला, “पुढं. पुढच्या चषकात बघू.”

गेल्या खेपेला पुण्याहून मुद्दाम रजा टाकून मी चषकांचे दिवस त्याच्याबरोबर काढले. हा लेख त्यातून आला आहे. एक सांगून टाकतो. मी पाहिलेल्या सामन्यांतल्या संघांची नावं इथं लिहिणार नाही. लिहिली, तर पुढल्या वेळी निम्म्या गावात चहा मिळायचा नाही.

कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, १९४० सालची. तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ. पाटाकडील, बालगोपाल आणि प्रॅक्टिस. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, संध्यामठ. रविवार पेठेचं दिलबहार. शिवाय जुना बुधवार, उत्तरेश्वर, झुंजार, फुलेवाडी आणि पोलिसांचाही संघ. वर्षागणिक कुणी वर चढतो, कुणी खाली उतरतो. हंगाम थंडीत सुरू होतो तो साखळीनं. अलीकडे या सोळांचे आठ-आठ असे दोन गट पाडतात. एका गटात २८ सामने, दोन्ही मिळून ५६. ही झाली लीग. तिला मान आहे, गुणतक्ता आहे, सगळं काही शिस्तीत आहे. मामा तिलाही जातो. पण वहीतल्या लीगच्या पानांवर अक्षर बारीक आणि घाईचं असतं. खरी वही उघडते ती लीग संपून चषक लागले की.

चषक एक नाही. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक. नावं वाचली तरी शहराचं राजकारण कळतं. कधी एखादी तालीम पुढाकार घेते, पुरस्कर्ता उभा राहतो, मैदानाच्या तारखा मिळतात, आणि एक संपला की दुसऱ्याचे फलक लागतात. संघ तेच, मैदान तेच, प्रेक्षक तेच, पद्धतही तीच. सोळा संघ, चार फेऱ्या, पंधरा सामने. चौदा संघ वाटेत पडतात, पंधरावा फायनलला पडतो आणि एक उरतो. पुढच्या पंधरवड्यात तेच सोळा पुन्हा उभे. बाकीच्या जगात बाद होणं म्हणजे वर्षभर वाट बघणं. इथं बाद झालेला माणूस दहा दिवसांत सूड घेऊ शकतो. मामाचा ‘पु’ हा नुसता हट्ट नाही, त्याला वेळापत्रकाचा आधार आहे.

बाद पद्धतीचा शोध काही कोल्हापूरचा नव्हे. इंग्लंडात १८७१ साली सी. डब्ल्यू. अल्कॉक या गृहस्थानं फुटबॉल असोसिएशनपुढे चषकाची कल्पना मांडली. ती त्याला सुचली ती हॅरो शाळेतल्या वसतिगृहांच्या आपसातल्या सामन्यांवरून. हरणारा घरी, जिंकणारा पुढच्या घराशी. म्हणजे जगातल्या सगळ्या चषकांचा मूळपुरुष असलेला एफए कप हा मुळात एका आवारातल्या घराघरांच्या चुरशीचा वाढवलेला अवतार. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, “मग आमचंच बरोबर हाय की. ते उगंच देशभर घेऊन गेलं.”

पण मला वाटतं, कोल्हापूरला बाद पद्धत पटली त्याचं कारण हॅरोत नाही, खासबागेत आहे.

या शहरात मैदानी खेळाची अक्कल घडवली कुस्तीनं. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं, तालमींना बळ दिलं, आणि लोकांच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली की कुस्ती निकाली पाहिजे. दोन तुल्यबळ मल्ल अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून घाम गाळतात आणि शेवटी पंच दोघांचे हात वर करून ‘बरोबरीत सोडवली’ म्हणतो, तेव्हा पब्लिक काय म्हणतं ते इथं छापता येणार नाही. पाठीला माती लागलेली दिसली पाहिजे. मामाच्या भाषेत, “लीग म्हंजे बरोबरीत सोडवल्याली कुस्ती. ह्यांना एक गुण, त्यांना एक गुण, दोघंबी खूश. चषकात तसं न्हाई. एक जण आडवा पडायलाच पायजे.”

फुटबॉल खेळतात तेही तालमीच. बाहेरच्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. क्लब म्हटलं की डोळ्यांपुढे येतं कार्यालय, सभासदत्व, वर्गणीची पावती. तालीम म्हणजे आधी आखाडा, हौद्यातली तांबडी माती, भिंतीला मारुती आणि कोपऱ्यात मुदगल. कुस्ती मागे पडत गेली तशी कित्येक ठिकाणी मातीवर फरशी आली, पण तालीम मोडली नाही. तिचा गणपती बसतो, तिची शिवजयंतीची मिरवणूक निघते, मयताला माणसं तिथून जमतात, २०१९ च्या पुरात घरं पाण्यात गेली तेव्हा माणसं आणि भांडीकुंडी काढायला हीच पोरं छातीभर पाण्यात उतरली. त्याच दाराला डिसेंबरात जाळीच्या पिशवीतून फुटबॉल लटकतात. म्हणून संघ हरला असं इथं कुणी म्हणत नाही. पेठ हरली असं म्हणतात, आणि ते अतिशयोक्तीनं नव्हे.

सामन्याचा दिवस सकाळीच कळतो. पेठेतल्या चौकात फलक लागलेला असतो. पानपट्टीवर, सलूनमध्ये, मिसळीच्या टेबलावर संघ निवडला जातो, आणि तो खऱ्या प्रशिक्षकाच्या संघाशी कधीच जुळत नाही. स्टेडियमवर दिवसाला दोन सामने. पहिला भर उन्हात, दुसरा कलत्या उन्हात. मोठी जोडी असली की पहिल्या सामन्यालाच गॅलरी भरते. ते बिचारे दोन संघ जीव तोडून खेळत असतात आणि निम्मं पब्लिक त्यांच्याकडे पाठ करून आपल्या माणसांना जागा धरत असतं.

मी पाहिलेली सगळ्यात चांगली उपांत्य लढत एप्रिलमधली. मैदानावर फक्कीच्या रेघा नुकत्याच मारलेल्या, पांढऱ्या इतक्या की डोळ्यांना लागत होत्या. मामानं डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता. पूर्वार्धात काहीच नाही. उत्तरार्धात एक गोल, आणि सामना संपायला चार मिनिटं असताना परतफेड. गॅलरीचा एक भाग उभा राहिला आणि दुसरा बसला, अगदी तराजूच्या पारड्यासारखा. मग टायब्रेकर.

टायब्रेकरला शाहू स्टेडियमवर जे होतं ते मी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही. ऐकलेलं म्हणतो, कारण ते बघण्यापेक्षा ऐकण्यासारखंच आहे. पहिल्या फटक्याला गोंगाट, शिट्ट्या, हलगी, गोलरक्षकाला आईबापावरून हाका. दुसऱ्याला थोडं कमी. चौथ्याला हलगी थांबते. पाचव्या फटक्याला हजारो माणसं असतात आणि कावळ्याची काव ऐकू येते. त्या दिवशी पाचव्याला जो पोरगा आला तो असेल एकोणीस-वीसचा. चेंडू ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. जागेवर बूट घासून घासून खड्डा झाला होता, चेंडू दर वेळी बोटभर सरकायचा. समोरच्या गोलरक्षकानं हातमोजे थुंकून चोळले आणि तो उगाचच डाव्या खांबाकडे जाऊन त्याला हात लावून आला. पोरानं धाव घेतली ती छोटीच, तीन पावलांची. चेंडू आडव्या बारवर लागला. तो आवाज धातूचा, कोरडा, आणि त्यानंतरचा अर्धा क्षण कुणाचाच नव्हता. मग तळं फुटलं.

पोरगा तिथंच उकिडवा बसला, जर्सी तोंडावर ओढून. त्याला उठवायला त्याचा गोलरक्षक मैदानाच्या मधून चालत आला. पळत नाही, चालत. बक्षिसं दिली गेली. कोल्हापुरात सामनावीराबरोबर आणखी एक बक्षीस असतं, ‘लढवय्या’. ते बहुधा हरलेल्या बाजूच्या खेळाडूला जातं. निकाली कुस्तीच्या गावाला पडलेल्याचीही कदर करायची असते, ती अशी. त्या दिवशीचा लढवय्या तो गोलरक्षक ठरला. त्यानं ते पाकीट पोराच्या पिशवीत टाकलं की आपल्या, हे मला लांबून नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा मला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर घेऊन गेला. म्हशी दारात, ग्लास हातात, फेस ओठांना. तिथं आठ-दहा माणसं होती आणि आठ-दहा मतं होती.

“तीन पावलांत पेनल्टी मारत्यात व्हय?”

“पावलाचं काय न्हाई, डावीकडं ठेवायचा. गोली उजवा हाय.”

“अरं पर त्येला पाठवला कुणी पाचव्याला? थोरली खेळाडू काय करत हुती?”

शेवटचा प्रश्न खरा होता. त्यावर सगळे गप्प झाले आणि दूध प्यायले. मामानं ग्लास ठेवला आणि मला हळूच सांगितलं, “पोरगं परवा परत खेळणार हाय. नवा चषक लागतोय.”

हे पोरगं दिवसा काय करतं, याची चौकशी मी केली. शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्ट बदलून घेतो, सामना असला की दुपारी सुटतो, बदल्यात रविवारी भरून देतो. कोल्हापूरच्या फुटबॉलचा हा नेहमीचा संसार. कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, कुणी महाद्वार रोडला दुकानात, कुणी गुजरीत, कुणी कॉलेजात नावापुरता. थोडे मानधनावर. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते, ते दिवस म्हणजे वेगळंच नाटक. कोण कुठल्या तालमीकडून सही करणार, किती घेतले, कुणी शब्द फिरवला. जुन्या काळी शिवाजी पेठेतला पोरगा मंगळवार पेठेकडून खेळला असता तर घरी जेवायला वाढलं नसतं असं सांगतात. आता खेळाडू पेठ बदलतो आणि पेठ दोन दिवस त्याला शिव्या देऊन तिसऱ्या दिवशी नव्याला हार घालते. गेल्या काही वर्षांत आफ्रिकी खेळाडूही आले. उंच, ताकदीचे, हेडला पक्के. गॅलरीनं त्यांना टोपणनावं दिली, पोरांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. त्यांच्यामुळे खेळ वेगवान झाला यात शंका नाही. पण गोल करण्याचं काम एकदा पाहुण्याकडे दिलं की घरचं पोर मागच्या फळीतच राहतं. परदेशी खेळाडू असावेत का, हा वाद कोल्हापुरात कांदा-लसणाच्या चटणीसारखा घरोघरी वेगळा आहे. माझं मत विचाराल तर, पैसा गोलरक्षकांच्या आणि लहान पोरांच्या प्रशिक्षकावर आधी खर्च व्हावा.

आता ज्याबद्दल लिहायला हात कचरतो ते.

ईर्षा हा कोल्हापुरी शब्द आहे. मराठी शब्दकोशात त्याचा अर्थ मत्सर असा सापडेल, पण कोल्हापुरात ईर्षा म्हणजे मत्सर नव्हे. ईर्षेनं बैलगाडी पळते, ईर्षेनं ऊस पिकतो, ईर्षेनं पोरगं दहावीला जास्त मार्क आणतं. शेजाऱ्यापेक्षा एक पाऊल पुढं, आणि शेजारी बघत असताना. चषकांचा सगळा कारखाना या इंधनावर चालतो. पण इंधन सांडलं की पेटतंही. गॅलरीतून बाटल्या आल्या आहेत, दगड आले आहेत, मैदानात पब्लिक घुसलं आहे, सामने अर्ध्यावर थांबले आहेत, हंगामावर पाणी पडलं आहे. सामना संपल्यावर परतीच्या वाटेवर एका पेठेच्या पोरांनी दुसऱ्या पेठेच्या चौकातून घोषणा देत जायचं, हे तर जणू ठरलेलं. अलीकडे त्यात मोबाइलवरच्या स्टेटसची भर पडली. आधी शिवी गॅलरीत देऊन तिथंच संपायची. आता ती रात्रभर फिरते आणि सकाळी चौकात उभी असते.

त्यामुळे चषकाच्या तारखा शेवटी ठरतात त्या पोलिस बंदोबस्तावर. चैत्रात जोतिबाची यात्रा, चौदा एप्रिलची जयंती, पेठांची शिवजयंती, आणि निवडणूक असली तर विचारूच नका. पोलिसांना माणसं पुरेनात की फायनल पुढे जाते. फुटबॉलच्या सामन्याला काठीवाले इतके उभे असतात की लहान पोराला घेऊन यावं की नाही असं बापाला वाटावं. एका बापानं मला सांगितलं, “मला माझ्या वडलांनी खांद्यावर बसवून आणला हुता. मी माझ्या पोराला टीव्हीवर दावतो.” टीव्हीवर म्हणजे युरोपातलं फुटबॉल. मला या वाक्यानं दगडापेक्षा जास्त भीती वाटली. मामा मात्र हुल्लडबाजीवर काही बोलत नाही. वहीत अर्ध्यावर थांबलेल्या सामन्याची पानं आहेत. तिथं गोल लिहिलेत, मिनिटं लिहिलीत, शेवटचं अक्षर कोरं आहे.

मग ही ईर्षा नको का? इथं मला मुंबईचा रोव्हर्स चषक आठवतो.

रोव्हर्स १८९१ सालचा. ड्युरँडनंतर तीनच वर्षांनी सुरू झालेला, देशातल्या सगळ्यात जुन्या चषकांपैकी एक. पहिल्या वर्षी वूस्टरशायर रेजिमेंट जिंकली, आणि पुढे कित्येक दशकं गोऱ्या पलटणीच जिंकत राहिल्या. १९२३ मध्ये मोहन बागान फायनलपर्यंत आलं आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढे पडलं. १९३७ ला बंगळूरच्या मुस्लिम संघानं तो चषक अखेर देशी हातात आणला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कुणाला शिवू दिला नाही. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारतानं पुढे १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान आणि १९६२ ला आशियाई सुवर्ण मिळवलं. कूपरेज मैदानावर गर्दी मावत नसे. आणि एवढं असून मुंबईचा पहिला संघ तो चषक जिंकला कधी, तर १९५८ ला, कॅलटेक्स. सदुसष्ट वर्षांनी. त्यातही संघ एका तेल कंपनीचा. मुंबईचं फुटबॉल कंपन्यांचं राहिलं. कंपनीला जोवर हौस तोवर संघ. २०१० ला महिंद्र युनायटेड बंद झाला तेव्हा तेच पुन्हा दिसलं. दरम्यान १९९६ ला राष्ट्रीय लीग सुरू झाली, मोठ्या क्लबांना जुन्या चषकांसाठी वेळ उरला नाही, आणि २०००-०१ च्या हंगामात मोहन बागाननं उचललेला रोव्हर्स हा शेवटचा ठरला. शंभराहून अधिक वर्षांचा चषक गेला, आणि मुंबईत एकही चौक त्यासाठी बंद राहिला नाही.

कोल्हापूरचा कुठलाही एक चषक रोव्हर्सच्या पायाशी बसायच्या लायकीचा नाही, हे मामासुद्धा कबूल करेल, जोराचा आग्रह केला तर. राष्ट्रीय पातळीवर त्यांची नोंद नाही. पण उद्या एखादा पुरस्कर्ता मागे हटला तर पेठ दुसरा शोधते, नाहीतर वर्गणी काढते. रोव्हर्स सगळ्या देशाचा होता, म्हणून शेवटी रडायला कुणीच नव्हतं.

याची किंमतही पेठच मोजते. इतकी वर्षं, इतकी मैदानं, इतकं वेड, तर देशाच्या संघात किती? अनिकेत जाधवचं नाव सगळे घेतात. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा तो भारताच्या आघाडीफळीत होता, पुढे वरिष्ठ संघातूनही खेळला. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोचला. गावाला त्यांचा अभिमान आहे. पण अनिकेत लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, ही गोष्ट गाव जरा घाईत सांगतं. तो पेठेच्या हाती लागण्याआधी बाहेर पडला. इथंच राहिला असता तर अठराव्या वर्षी तालमीचा हिरो झाला असता, चौकात फलक लागला असता, वर्षाला पाच चषक, कडक मैदान, हंगाम संपला की सहा महिने काही नाही, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघा. असे हिरो प्रत्येक पेठेत आहेत. रिक्षा स्टॉपवर, बँकेच्या दारात, पानपट्टीच्या आत. त्यांचा एखादा गोल लोकांना मिनिटासकट पाठ आहे. मामाच्या वहीत तर आहेच.

मुलींचं थोडं वेगळं आहे, आणि मला तिथं आशा जास्त दिसते, कारण मुलींच्या फुटबॉलला अजून पेठ चिकटलेली नाही. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आला. संध्याकाळी मैदानावर सराव संपवून सायकलला बूट अडकवून निघालेल्या एका मुलीला विचारलं, फायनल बघायला येणार का. “येतो की,” ती म्हणाली, कोल्हापूरच्या मुली बोलतात तशी. “पण खेळायला कधी मिळंल त्ये सांगा.”

फायनल मेच्या अखेरीस होती. सकाळपासून उकाडा असा की पान हलत नव्हतं, आणि दुपारी पश्चिमेकडून काळं यायला लागलं. मामानं छत्री घेतली नाही. छत्री नेली की आपली बाजू हरते, हे त्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे. उत्तरार्धाला सात-आठ मिनिटं झाली असतील, वळीव कोसळला. आधी वारा, फलकांची कापडं फाटून मैदानात, मग थेंब सुपारीएवढे. फक्कीच्या रेघा वाहून पांढरे ओघळ झाले. पंचांनी खेळ थांबवला. गॅलरीतून कुणीही हललं नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर, जर्सी डोक्यावर, शेंगदाण्याच्या पाट्या डोक्यावर. वीस मिनिटांत मैदानभर पाणी साचलं, आणि रावणेश्वराचं तळं, ज्याच्याबद्दल मी नुसतं ऐकत आलो होतो, पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. दोन्ही संघांची पोरं कडेला एकाच ताडपत्रीखाली उभी होती, एकमेकांना खेटून, कारण दुसरी ताडपत्री नव्हती.

सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा चेंडू घरंगळत नव्हता, थबकत होता. गोल झाला तो असाच, पाण्यात अडकलेल्या चेंडूवर गोलरक्षक घसरून पुढे गेला आणि मागे कुणीतरी उभा होता. तो कोण, हे मी सांगणार नाही असं आधीच म्हटलंय. एवढंच सांगतो, की एप्रिलमध्ये तो जर्सी तोंडावर ओढून उकिडवा बसला होता.

मिरवणूक रात्री नऊला पेठेत शिरली. पावसानं गुलालाचा चिखल झाला होता, सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत तांबडे, तालमीच्या मातीत उतरावेत तसे. दारोदारी ओवाळणं चाललं होतं. चषक उंचीला त्या पोराच्या कमरेएवढा, आणि तो पोरांनी असा काही धरला होता की गॅस सिलिंडर जिन्यानं वर नेतायत. हलगीवाल्याचं कातडं भिजून ढिलं पडलं होतं, तो ते शेकोटीवर धरून तापवत होता, पुन्हा वाजवत होता, पुन्हा तापवत होता.

मामा मिरवणुकीत थांबला नाही. त्याची तालीम जिंकलेली नव्हती. उपांत्यपूर्व फेरीतच गेली होती. घरी येऊन त्यानं पाय धुतले, वही काढली, तारीख घातली, गोलचं मिनिट लिहिलं आणि हरलेल्या संघापुढे लाल ‘ब’ काढला. मग वही मिटून कपाटात आधीच्या वह्यांवर ठेवली. पाऊस चालूच होता.

“आता नोव्हेंबरपर्यंत काय?” मी विचारलं.

“काय म्हंजे? नोंदणी हाय की. आपल्याला एक गोली बघायला पायजे.” मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातनं वही घे. शंभर पानी नको. ह्या वेळची पुरली न्हाई.”